गोळ्यांची नोंद होते, परिचर्येची का नाही?

उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेला जेवढे काम हाताने करावे लागते, जवळपास तेवढेच पेनानेही करावे लागते. गरोदर माता, लसीकरण, कुटुंब नियोजन, जन्म-मृत्यू, औषधसाठा, क्षयरुग्ण, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी, गृहभेटी अशी प्रत्येकाची वेगळी नोंद. त्यात २००८ पासूनची आरोग्य माहितीची एचएमआयएस प्रणाली, २००९ मध्ये सुरू झालेली माता-बालकांची नावनिशीवार नोंद, नंतरचे आरसीएच पोर्टल आणि २०१६ चे अनमोल ॲप यांची भर पडली. एवढे सगळे भरून महिनाअखेर अहवाल तालुक्याला जातो, तरी त्यातून एक साधी गोष्ट कळत नाही. सेविकेने एखाद्या बाईची कोणती अडचण ओळखली, त्यावर काय केले आणि त्याने काय फरक पडला? किती डोस, किती भेटी, किती प्रसूती हे कळते. परिचर्या मात्र कुठेच दिसत नाही. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग जगात गेली पन्नास वर्षे घडतो आहे. तो म्हणजे परिचर्येची प्रमाणित परिभाषा, अडचण, उपाय आणि परिणाम यांना सगळीकडे एकाच अर्थाने वापरायची ठरलेली नावे. त्याचा आढावा घेण्याआधी या लेखाचे म्हणणे सांगून टाकलेले बरे. प्राथमिक आरोग्य केंद्रांना अशी परिभाषा हवी आहे. पण ती छोटी असावी, सेविकेच्या मराठीत असावी, आणि ती येताना जुन्या लिखाणातला काही भाग कायमचा कमी व्हावा. या तीन अटी पाळता येत नसतील, तर ती न आणणेच शहाणपणाचे.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, हा या प्रश्नाचा विचार करायला योग्य जिल्हा आहे. सुमारे १७,००० चौरस किलोमीटर पसरलेला हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाख ४३ हजार लोकसंख्या. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे ५,००० आणि ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र हा सरकारी निकष. पण अकोले तालुक्याच्या डोंगरातली ठाकर वस्ती, राहाता-कोपरगावचा कालव्याखालचा ऊसपट्टा आणि पाथर्डी-जामखेडची दुष्काळी गावे यांच्या गरजा एका निकषात बसत नाहीत. त्यातून माणसे एका जागी राहात नाहीत. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, दिवाळीच्या आसपास टोळीने बाहेर पडतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परततात. त्याच वेळी जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या परिसरात बाहेरच्या टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. सहाव्या महिन्यात गाव सोडलेली गरोदर बाई आठव्या महिन्यात दुसऱ्याच उपकेंद्राच्या हद्दीत असते. तिच्यासोबत माता-बाल संरक्षण कार्ड असले तर तिचे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन नव्या सेविकेला कळते. आधीच्या सेविकेने तिला काय समजावले होते, कशात ती अडली होती आणि पुढच्या भेटीत काय पाहायचे ठरले होते, हे कळायला मात्र मार्ग नसतो.

रक्तक्षयाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमानुसार गरोदर बाईला लोह-फॉलिक ॲसिडच्या १८० गोळ्या आणि प्रसूतीनंतर आणखी १८० गोळ्या द्यायच्या असतात. रजिस्टरमध्ये हिमोग्लोबिनचा आकडा आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या लिहायला रकाने आहेत. पण गोळी घेतली की मळमळते, शौचाला काळे होते म्हणून भीती वाटते, गोळी चहासोबत घेतली जाते, बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल म्हणून घरातून नको म्हणतात, किंवा ऊसतोडीला गेल्यावर गोळ्यांचे पाकीट गावीच राहते, यांतले खरे कारण कोणते हे लिहायला जागा नाही. ही पाच कारणे वेगळी आहेत आणि पाचांवरचे उपायही वेगळे आहेत. सेविका ती ओळखते आणि त्याप्रमाणे समजावतेही. पण कागदावर पाचही बायकांसमोर एकच नोंद होते, गोळ्या दिल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला; चौथ्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. या वाढीमागे आहार, मोजणीची पद्धत अशी इतर कारणेही असू शकतात. पण ज्या यंत्रणेला वाटप मोजता येते आणि सेवन मोजता येत नाही, ती आपले कुठे चुकते हे शोधणार तरी कशी?

याहून कठोर उदाहरण शेजारच्या बीडचे आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जातात ही गोष्ट २०१९ मध्ये बातम्यांतून पुढे आली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पोटात दुखणे, अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, पाळीच्या दिवसांत काम बुडाले तर होणारा दंड, ही सगळी दुखणी शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी गावपातळीवर बोलली जात असणार. पण ती कोणत्याही कार्यक्रमाच्या रकान्यात बसत नव्हती, म्हणून ती कुठल्याच मासिक अहवालात साचली नाहीत. ज्या दुखण्याला नोंदवहीत नाव नाही, त्याची बेरीज होत नाही. आणि ज्याची बेरीज होत नाही त्यासाठी ना मनुष्यबळ मंजूर होते ना निधी. ब्रिटनच्या जून क्लार्क आणि अमेरिकेच्या नॉर्मा लँग यांनी १९९२ मध्ये परिचर्येबद्दल नेमका हाच मुद्दा मांडला होता आणि परिभाषेच्या चळवळीचा तो आजही पाया आहे.

या चळवळीचा इतिहास थोडक्यात असा. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस येथे परिचारिका एकत्र आल्या आणि परिचारिका स्वतःच्या अधिकारात ज्या समस्या ओळखते त्यांची यादी करायला सुरुवात झाली. त्यातून नांदा ही संस्था आणि तिची वर्गवारी उभी राहिली. आज तीत अडीचशेहून अधिक परिचर्या निदाने आहेत. आयोवा विद्यापीठात १९८७ पासून परिचारिका करते त्या उपायांची आणि नंतर त्यांच्या परिणामांची वर्गवारी तयार झाली. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने सर्व देशांसाठी एक समान वर्गीकरण करायचे ठरवले, ते आयसीएनपी. डॉक्टरांच्या निदानासाठी आयसीडी हे आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहेच, मग हे वेगळे कशाला, असे विचारले जाते. उत्तर सोपे आहे. आयसीडी आजाराला नाव देते. मधुमेह हे निदान दोन रुग्णांचे सारखेच असते; पण एकाला इन्सुलिनची सुई टोचता येत नाही आणि दुसऱ्याला पायाची जखम दिसत नाही. या दोन अडचणी परिचर्येच्या आहेत आणि त्या आजाराच्या नावात मावत नाहीत.

या सगळ्या परिभाषांमध्ये आपल्या उपकेंद्रांना सर्वांत जवळची वाटते ती ओमाहा प्रणाली. नांदा आणि आयोवाच्या वर्गवाऱ्यांचा कल रुग्णालयातल्या खाटेकडे आहे. ओमाहा मात्र घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांच्या संस्थेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात, १९७० च्या दशकात जन्मली. तिच्यात फक्त ४२ समस्या आहेत आणि त्या चार गटांत मांडल्या आहेत: परिसर, मन आणि नातेसंबंध, शरीर, आरोग्याच्या सवयी. उत्पन्न, राहते घर, स्वच्छता, कामाच्या जागेची सुरक्षितता याही तिथे आरोग्याच्या समस्या म्हणून नोंदवता येतात. आणि समस्या एका व्यक्तीची, कुटुंबाची की पुऱ्या वस्तीची हेही लिहिता येते. उपायांचे प्रकार चारच: शिकवणे व समुपदेशन, उपचार व प्रक्रिया, इतर सेवांशी जोडून देणे, आणि लक्ष ठेवणे. प्रत्येक समस्येला ज्ञान, वागणूक आणि स्थिती या तीन बाबींवर एक ते पाच गुण द्यायचे. वरच्या रक्तक्षयाच्या उदाहरणात नोंद अशी होईल: समस्या, औषध घेण्यातली अडचण, कारण, मळमळ, ज्ञान ३, वागणूक २, स्थिती २, उपाय, जेवणानंतर आणि चहापासून लांब गोळी घ्यायला शिकवले, आशा कार्यकर्तीने आठवड्याने विचारायचे ठरले. पुढच्या भेटीत वागणूक ४ झाली तर सेविकेच्या बोलण्याचा परिणाम पहिल्यांदाच कागदावर येतो. कारखान्यालगतच्या कोप्यांवर पाणी आणि संडास नाही, हीही वस्तीची समस्या म्हणून त्याच भाषेत नोंदवता येते. शिवाय ही प्रणाली वापरायला परवान्याचे शुल्क लागत नाही, आणि जिल्हा परिषदेच्या हिशेबात ही छोटी गोष्ट नाही.

आता पुराव्याकडे. इथे प्रामाणिक राहावे लागेल, कारण परिभाषेचे समर्थक अनेकदा पुराव्याच्या पुढे धावतात. मुलर-स्टाउब आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केलेल्या पद्धतशीर आढाव्यात असे दिसले की परिचर्या निदाने वापरल्याने नोंदींचा दर्जा सुधारतो आणि समस्या जास्त नेमकेपणाने ओळखल्या जातात. पण नोंद सुधारणे आणि रुग्ण सुधारणे या दोन गोष्टी एक नाहीत. २००९ च्या कॉक्रेन आढाव्यात परिचर्या नोंदपद्धतींवरचे नऊ प्रयोग तपासले गेले आणि केवळ नोंदीची पद्धत बदलल्याने रुग्णांचे भले होते असे ठामपणे सांगता येईल इतका पुरावा मिळाला नाही. यातले बहुतेक संशोधन श्रीमंत देशांतले, आणि त्यातही रुग्णालयांतले. म्हणजे परिभाषा आणली की आरोग्य सुधारते असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. तिचा दावा मर्यादित आहे: ती दुरुस्तीसाठी लागणारी माहिती देते. त्या माहितीवर तालुका आरोग्य अधिकारी, पर्यवेक्षिका आणि सेविका काही करणार असतील तरच तिला अर्थ आहे.

तरीही महाराष्ट्राकडे या बाबतीत आपला असा एक अनुभव आहे आणि तो परदेशी अभ्यासांइतकाच मोलाचा आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम करताना गावातल्या कार्यकर्त्यांसाठी श्वास मोजण्याचे साधन केले: मणी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपायच्या आत ठरावीक मणी सरकला तर श्वास जलद, उपचार सुरू. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या बाईचे निरीक्षण त्यामुळे डॉक्टरच्या निरीक्षणाशी जुळू लागले. पुढे नवजात बालकांच्या घरगुती काळजीच्या प्रयोगात ३९ गावांतल्या प्रशिक्षित स्त्रियांनी ठरावीक लक्षणांवरून जंतुसंसर्ग ओळखला, उपचार केले आणि प्रत्येक बाळाची ठरलेल्या नमुन्यात नोंद ठेवली. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. हे यश एकट्या नोंदीचे नव्हे, ते संपूर्ण काळजीचे आहे. पण प्रत्येक गावात धोक्याचे लक्षण वेगळ्या अर्थाने लिहिले गेले असते तर ना काळजी सारखी झाली असती ना ती मोजता आली असती. प्रसूतिगृहातला पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीची प्रगती नोंदवायचा आलेख, हेही याच जातीचे उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३५,४८४ स्त्रियांच्या अभ्यासात त्याच्या वापराने रेंगाळलेल्या प्रसूतींचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले. नंतरच्या आढाव्यांत हा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही, आणि बाळंतपण उरकल्यावर आलेख भरून टाकण्याची तक्रार अनेक देशांतून आली. दोन्ही गोष्टींचा धडा एकच: ठरलेली नोंद काम करता करता झाली आणि तिच्यावरून लगेच निर्णय झाला तर उपयोगी, नंतर भरली तर निव्वळ कागद.

याच धड्यातून सर्वांत जड आक्षेपाला उत्तर मिळते. सेविकांवर आधीच लिखाणाचा बोजा आहे, त्यात आणखी एक रजिस्टर का, हा तो आक्षेप. तो शंभर टक्के खरा आहे आणि प्रशिक्षण देऊन तो सुटत नाही. एका माणसाचे नाव, वय, गाव आणि रक्तदाब चार ठिकाणी लिहिण्यात जो वेळ जातो, तो वाचवल्याशिवाय नव्या नोंदीला जागाच नाही. राष्ट्रीय कार्यक्रमांची पोर्टले जिल्हा परिषद रद्द करू शकत नाही, हे खरे. पण जिल्हा आणि तालुका पातळीवरून वेळोवेळी मागवले जाणारे स्वतंत्र तक्ते ती नक्कीच थांबवू शकते. आणि समस्या-उपाय-परिणाम ही एकच नोंद नीट झाली तर त्यातून बरेच मासिक आकडे आपोआप काढता येतात. म्हणून कोणत्याही प्रयोगाचे पहिले मोजमाप सेविकेचा वेळ हेच असले पाहिजे. प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर आठवड्यातले किती तास लिखाणात गेले, हे मोजावे. तास वाढले तर प्रयोग फसला असे मानावे, मग नोंदी कितीही सुबक दिसोत.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. अमेरिकेत घडलेली यादी अकोले तालुक्यात कशी चालेल? जशीच्या तशी चालणार नाही. पण परिभाषेचा गाभा शब्दांत नसतो, ठरलेल्या अर्थात असतो. संगणकाच्या पोटात संकेतांक राहील; सेविकेसमोर तिचे आणि तिच्या गावचे शब्द असतील. हे शब्द मुंबईच्या कार्यालयात बसून घडवू नयेत. सेविका, आशा आणि आरोग्य सहाय्यिका बोलतात ते गोळा करावेत, एका शब्दाचा अर्थ अकोले आणि जामखेड दोन्हीकडे तोच घेतला जातो ना हे तपासावे आणि मगच ठरवावेत. या जिल्ह्याला हे नवे नाही. जामखेडमध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभे केलेले काम गावातल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे ज्ञान त्यांच्या भाषेत देऊनच जगभर पोहोचले. ज्या जिल्ह्याने अडाणी मानल्या गेलेल्या बाईला आरोग्य कार्यकर्ती केले, त्या जिल्ह्यात प्रशिक्षित सेविकेला तिच्या भाषेत नोंद करता येणार नाही असे म्हणणे पटणारे नाही.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ठरावीक समस्यांच्या यादीवर खुणा करता करता सेविकेचे स्वतःचे निरीक्षण मरेल, माणूस मागे राहील आणि खूण पुढे जाईल. हा धोका आहेच. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक नोंदीत दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात आणि पर्यवेक्षिकेने त्या वाचणे बंधनकारक करावे. पण आज मोकळे लिहिण्याची जागा आहे आणि परिभाषा ती हिरावून घेणार आहे, अशी वस्तुस्थिती नाही; आजच्या रकान्यांत तर निरीक्षणाला जागाच नाही. चौथा आक्षेप खाजगीपणाचा. मारहाण, दारू, मानसिक त्रास या गोष्टी नोंदवायच्या तर त्या कोण पाहणार? २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा आता आहे, पण गावात कायद्याआधी ओळख काम करते. अशा नोंदी सेविका आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यापुरत्याच राहाव्यात, वरच्या अहवालात केवळ बेरीज जावी आणि बाईच्या संमतीशिवाय त्या लिहूच नयेत. ही व्यवस्था आधी उभी राहावी, समस्यांची यादी नंतर यावी.

तांत्रिक पाया मात्र आपल्याकडे तयार आहे. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये आणली आणि २०१६ मध्ये सुधारली. स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिभाषेचा भारत २०१४ पासून सदस्य आहे आणि तिचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये, नगरपासून अडीच-तीन तासांवर आहे. आयसीएनपीही २०२० च्या करारानंतर स्नोमेडशी जोडले गेले आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला चौदा अंकी आभा क्रमांक मिळतो, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या बाईसोबत तिची नोंदही जाऊ शकते. फक्त त्या क्रमांकामागे वाचण्याजोगे काही असायला हवे. आज त्यामागे बहुधा तपासण्या आणि औषधे असतात, परिचर्या नसते. मनुष्यबळाची बाजूही पूर्वीइतकी कमकुवत नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी आले आहेत आणि २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात आरोग्य माहितीशास्त्र हा विषय आहे. लोणीच्या प्रवरा अभिमत विद्यापीठाचे नर्सिंग महाविद्यालय तर जिल्ह्यातच, ग्रामीण भागात आहे. तिथल्या विद्यार्थिनी ज्या निदानांच्या काळजी-योजना परीक्षेसाठी लिहितात, त्या नोकरीत आल्यावर कुठेच लिहीत नाहीत, ही शिक्षण आणि सेवा यांच्यातली तूट आहे.

म्हणून सुरुवात लहान आणि ठोस असावी. अकोले, राहाता आणि पाथर्डी या तीन वेगळ्या प्रकृतीच्या तालुक्यांत मोजकी उपकेंद्रे निवडावीत. ओमाहाच्या ४२ पैकी आपल्याला लागणाऱ्या वीस समस्या सेविकांसोबत बसून मराठीत ठरवाव्यात. गरोदरपण, बाळंतिणीची काळजी, बालपोषण, रक्तदाब-मधुमेहाची औषधे आणि पाळीच्या तक्रारी एवढ्यापासून आरंभ पुरेसा आहे. एक पूर्ण ऊसतोड हंगाम आत येईल इतका काळ प्रयोग चालावा, कारण खरी परीक्षा बाई एका तालुक्यातून दुसरीकडे गेल्यावरच होईल. सेविकेचा वेळ, एकाच रुग्णाबद्दल दोन सेविकांचे गुण किती जुळतात, आणि पुढच्या भेटीत आधीची नोंद वाचून खरोखर काही वेगळे केले गेले का, या तीन गोष्टी मोजाव्यात आणि निकाल चांगला असो वा वाईट, जाहीर करावा. राज्यातली प्राथमिक परिचर्या आज ज्यांच्या खांद्यावर उभी आहे त्या स्त्रियांचे काम सरकारच्या कागदात गोळ्या आणि सुया एवढेच उरले आहे. हे बदलण्यासाठी नवे यंत्र नको, मोठी योजनाही नको. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने वीस समस्यांची एक यादी करावी, आणि ती सेविकेच्या हाती देण्याआधी तिच्या टेबलावरची दोन रजिस्टरे उचलून न्यावीत.